विजेता मैदानावरच ठरावा

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता दीर्घकाळ पत्रकार व प्रशिक्षक यांच्या मतदानाने ठरत असे. २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आली. पण ते चार निवडणार समितीच! २०२३ साली फ्लोरिडा स्टेटने निवडीपूर्वीचे तेराही सामने जिंकले. तरी प्रमुख खेळाडू जायबंदी असल्याचे कारण देऊन त्या संघास वगळण्यात आले. लेखी परीक्षेत पहिला आलेल्यास मुलाखतीत डावलावे, तसाच हा प्रकार. २०२४ च्या हंगामात बारा संघांना प्रवेश मिळाला आणि समितीने सहावा लेखलेला ओहायो स्टेट अजिंक्य ठरला! तेव्हा प्रत्येक गटविजेत्यास हक्काने प्रवेश असावा. सर्व गट तुल्यबळ नाहीत, हे खरे. परंतु दुबळा संघ मैदानावर हरेलच. त्याला न खेळताच हरविण्याचा अधिकार समितीला कशासाठी?