'ध'चा 'मा'

'नारायणरावांस धरावे' असा मूळ मजकूर होता, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशव्यांचा खून झाला, ही कथा आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवोत न ठेवोत. एका अक्षरापायी माणूस जिवाला कसा मुकतो, हे सांगायला तिच्याहून नेमका दाखला नाही. क्षयाच्या जंतूतही असाच 'ध'चा 'मा' होतो. फक्त तिथे अक्षर बदलणारं कुणी नसतं.

या जंतूची जनुकीय पोथी सुमारे ४४ लाख अक्षरांची. १९९८ साली ती पहिल्यांदा संपूर्ण वाचून झाली. साधारण वीस तासांत एका जंतूचे दोन होतात आणि दर वेळी सगळ्या पोथीची नक्कल उतरवली जाते. नक्कल आली की हस्तदोष आला. बहुतेक चुका वाया जातात. एखादी जंतूच्या पथ्यावर पडते.

रिफॅम्पिसिनचंच घ्या. हे तेच औषध, ज्यानं रोग्याची लघवी केशरी होते आणि घरचे घाबरतात. जनुकातल्या मजकुराची आरएनए नावाची प्रत काढणारं एक विकर जंतूत असतं. रिफॅम्पिसिन त्याच्या खाचेत जाऊन बसतं. प्रत सुरुवातीलाच अडते आणि जंतू मरतो. या विकराचा एक भाग 'आरपीओबी' जनुकात लिहिलेला असतो. त्यातल्या ४५० व्या जागी 'टीसीजी' अशी तीन अक्षरं असतात. मधल्या 'सी'चा 'टी' झाला, की सेरीन या अमिनो आम्लाच्या जागी ल्युसीन येतं, खाचेची ठेवण बदलते आणि औषधाला तिथे पाय रोवता येत नाही. मग लघवी केशरीच होत राहते, पण खोकला हटत नाही.

आयसोनियाझिडची गंमत निराळी. ते पोटात जातं तेव्हा बोथट असतं. जंतूचंच 'कॅटजी' नावाचं विकर त्याला धार लावतं आणि मग ते जंतूच्या मेणचट कवचाचं बांधकाम थांबवतं. म्हणजे जंतू स्वतःच मारेकऱ्याच्या हाती सुरी देतो. ३१५ व्या जागी एक अक्षर बदललं, की धार लावणं जवळपास बंद पडतं; जंतूचा बचाव करण्याचं विकराचं मूळ काम मात्र बरंचसं चालू राहतं. म्हणून तर ही चूक जगभर फोफावली.

पण चूक औषधामुळे होत नाही; ती बहुधा आधीच होऊन गेलेली असते. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू कोट्यवधींत एखादा, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा अब्जावधींत एखादा. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रोग्याच्या छातीत जंतूच कोट्यवधी असतात. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि त्या एखाद्याला रान मोकळं होतं. दोन्ही चुका एकाच जंतूत जुळून येणं मात्र इतकं दुर्मीळ, की त्यासाठी लागणारे जंतू कुणाच्या छातीत मावायचे नाहीत. एकावेळी अनेक औषधं देण्यामागचं गणित हेच.

हे शहाणपण ठेच लागून आलं. ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या ५५ रोग्यांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. पण औषध एकटंच होतं. बऱ्याच जणांच्या बेडक्यात त्याला न जुमानणारे जंतू दिसू लागले आणि आधी सुधारलेले काही रोगी पुन्हा ढासळले.

मुंबईत मात्र ही ठेच पुन्हा पुन्हा लागली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांनी क्षयावर ८० वेगवेगळे उपचार लिहून दिले होते. त्याच मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी नोंदवले, तेव्हा जग दचकलं.

पूर्वी जंतू वाढवून औषध लागू पडतं का हे पाहायला आठवडेच्या आठवडे जात. आज जीनएक्सपर्ट किंवा गोव्यात बनणारं ट्रूनॅट यांसारखं तपासणी यंत्र काही तासांत 'आरपीओबी'तली चूक पकडतं. जीनएक्सपर्टची नजर जेमतेम ८१ अक्षरांच्या टप्प्यावर असते. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत चूक तिथेच सापडते. आफ्रिकेतल्या एस्वातिनीत मात्र ४९१ व्या जागेची, म्हणजे टप्प्याबाहेरची चूक पसरली आणि यंत्राला चकवा देत राहिली. म्हणून आता सगळी पोथीच वाचण्याकडे कल आहे. कुठली चूक कुठल्या औषधाला निकामी करते याची सूची जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली काढली, ती ३८ हजारांहून अधिक नमुने तपासून.

जंतूच्या नकलेतला हस्तदोष कुणालाही थांबवता येणार नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीतला आणि अर्ध्यात सोडलेल्या गोळ्यांचा दोष मात्र आपला आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर बेडका तपासून घ्या आणि उपचार सुरू होतानाच डॉक्टरांना विचारा: "रिफॅम्पिसिन लागू पडेल का, हे तपासलंय ना?"