गाईला चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही. चारा ओळखूनच घोडा चरायला सोडा

सारंगखेड्याच्या यात्रेत असो की लग्नसराईत, घोड्यावर अनेक घरांची चूल पेटते. पण घोडा आजारी पडण्याचं कारण बऱ्याचदा चाऱ्यातच असतं. गाय-बैल रवंथ करतात, घोडा करत नाही. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. म्हणजे एकदा वाईट पोटात गेलं की ते बाहेर टाकायची सोय नाही. म्हणून बांधावरचं कोणतं गवत चालतं आणि कोणतं नाही, हे माहीत हवं.

बिनधास्त चालणारी गवतं

हरळी सगळ्यांच्या ओळखीची. जमिनीवर पसरते, पेराला मुळं धरते आणि तुरा बोटांसारखा फुटतो. मारवेलच्या पेरावर बारीक केसांचं कडं असतं, तेही घोडा आवडीनं खातो. माळावरचं पवन्या गवत फुलोऱ्यात कापून नीट वाळवलं तर चांगला चारा होतो.

कुसळी गवताचं मात्र वेळेवर बघायचं. कोवळं असताना चालतं. पण पावसाळा सरल्यावर त्याची टोकदार कुसळं पिकतात. धोतराला चिकटतात ना, तीच! ती घोड्याच्या हिरड्या-जिभेत घुसतात, जखमा होतात. म्हणून कुसळ येण्याआधीच कापणी करा.

जपून द्यायची गवतं

नेपियर, गिनी, पॅरा आणि अंजन ही गवतं दुभत्या जनावरांसाठी लावतात. त्यांत ऑक्झलेट नावाचा घटक असतो. तो चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतो. गाईच्या पोटातले जंतू ऑक्झलेट बरंचसं पचवतात, घोड्याला ती सोय नाही. महिनोन् महिने हाच चारा दिला तर घोडा हाडांतलं कॅल्शियम वापरू लागतो. मग लंगडतो, तोंडाची हाडं सुजतात. सोबत गव्हाचा कोंडा जास्त दिला तर त्रास आणखी वाढतो. उपाय सोपा आहे. एकाच गवतावर ठेवू नका, लसूण घास मिसळा आणि कॅल्शियम किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

अजिबात नको

हिरवी ज्वारी: कोवळ्या किंवा पाण्यावाचून सुकलेल्या ज्वारीत विष तयार होतं. त्यानं गाई-म्हशी तडकाफडकी दगावतात. घोडा हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस चरला तर मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी थेंब थेंब गळत राहते. पूर्ण वाळलेला, बुरशी नसलेला कडबा चालतो.

कण्हेर: मूठभर पानंही घोड्याच्या हृदयाला घातक. वाळलेली पानंसुद्धा विषारीच. अंगणातली छाटलेली कण्हेर गोठ्याजवळ टाकू नका.

एरंडाच्या बिया: घोडा या विषाला फार लवकर बळी पडतो. पेंड आणताना ती एरंडीची नाही ना, हे विचारून घ्या.

घाणेरी आणि धोतरा: पहिलीनं यकृत बिघडतं, दुसऱ्यानं पोट थंडावतं. हिरवा चारा संपला की भुकेलं जनावर यांनाही तोंड लावतं.

बुरशीचा मका: मक्यावरच्या एका बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं आणि घोडा काही दिवसांत मरतो. वास मारणारा, काळपट किंवा गुलाबी झालेला मका घोड्याला देऊच नका.

लक्षणं दिसली तर

घोडा वारंवार कुशीकडे बघतो, पायानं जमीन उकरतो, लोळतो, घाम सुटतो, लीद थांबते. ही पोटशुळाची खूण आहे. अशा वेळी नाळीनं तेल किंवा काढा पाजू नका, तो फुफ्फुसात जाऊ शकतो. पुढचा चारा काढून घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर लगेच फोन करा. घोड्यानं खाल्लेल्या झाडाची फांदी जपून ठेवा, डॉक्टरांना विष ओळखायला ती कामी येते.

शेवटची गोष्ट, चारा बदलायचा असेल तर एकदम बदलू नका. आठ-दहा दिवस जुन्यात थोडा थोडा नवा मिसळत जा. आणि घोडा सोडण्याआधी बांधावरून एक चक्कर मारून या. त्याला किती बरं वेळ लागतो?