तांबं, पोलाद आणि १०८५ अंश

विदर्भातल्या वणीच्या जमिनीखाली कोळसा उदंड आहे. तरी हौसेने लोहारकाम करणाऱ्याने भट्टीत लाकडी कोळसाच घालावा. खाणीच्या कोळशात राख फार, आणि तांबं-पोलाद जोडायचं तर घाण अजिबात चालत नाही.

खरी अडचण मात्र तापाची. लोखंडाला लोखंड सांधताना लोहार ते १२००-१३०० अंशांपर्यंत नेऊन घण घालतो. तांबं १०८५ अंशांनाच वितळतं, म्हणजे पोलाद सांध्याला येईतो तांबं निखाऱ्यांत गळून गेलेलं! गळालं नाही तर आणखी वाईट. वितळलेलं तांबं तापल्या पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरतं आणि पुढच्याच घावाला पोलाद तडकतं.

तरीही ही जोडी जमते. दोन्ही धातू एकमेकांत फारसे विरघळत नाहीत, पण लोखंड-ॲल्युमिनियमसारखं ठिसूळ संयुगही बनवत नाहीत. म्हणून सुरी घडवणारे पोलादाच्या पट्ट्यांमध्ये तांब्याचा घासून लख्ख केलेला पत्रा ठेवतात, हवा शिरू नये म्हणून चारी कडा वेल्डिंगने बंद करतात आणि १०८५ च्या बऱ्याच अलीकडे थांबून दाब देतात. तांबं वितळत नाही; अणूच सीमा ओलांडून सांधा धरतात. वर दिसणाऱ्या रंगावर इथे भरवसा नको, आतला ताप वेगळा असू शकतो.

दुसरी वाट डाखाची. कच्छमधल्या निरोणा गावचे कारागीर लोखंडी पत्र्याच्या घंटेवर पितळ आणि टाकणखार लावतात, वर माती लिंपून भट्टीत घालतात. टाकणखार ऑक्साइड विरघळवतो, पितळ पसरतं, सांधे भरतात. घरी हे करायचं तर उघड्यावर करा. पितळातल्या जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

विदर्भाला हे दोन धातू एकत्र पाहायची सवय जुनी आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीत १९७०-७२ मध्ये डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा महापाषाणयुगीन दफनांत तांब्याच्या मुठीचे लोखंडी खंजीर मिळाले.

सांधा पक्का झाला तरी ओल राहतेच. ओलाव्यात तांब्याला टेकलेलं लोखंड अधिक वेगाने गंजतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं तेच झालं: १८८६ चा तांब्याचा पत्रा, आत लोखंडी सांगाडा, मधलं ॲस्बेस्टॉसचं अस्तर झिजलेलं. १९८० च्या दशकात आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. तांब्याची मूठ बसवलेली सुरी वापरून झाली की पुसून तेल लावावं, म्यानात ओली सारू नये.