हात जोडणारा किडा एकच नसतो

मैत्रिणींनो, तुरीत निंदणी करताना किंवा परसबागेतल्या वालाच्या शेंगा तोडताना हा किडा तुमच्या नजरेला नक्की पडला असेल. बोटाएवढा लांब, हिरवागार, तिकोनी डोकं, आणि पुढचे दोन पाय छातीशी असे धरलेले की जणू देवापुढं उभा आहे. आपण जवळ गेलो तरी पळत नाही. उलट मान वळवून आपल्याकडंच बघतो. मान अशी मागं वळवून बघणारे किडे फार थोडे आहेत, म्हणून तो माणसासारखा वाटतो आणि म्हणून कुणी कुणी घाबरतातही. मराठीत याला प्रार्थना कीटक म्हणतात, कुठं खंडोबाचा किडा म्हणतात. तो विषारी नाही. त्याला नांगी नाही. मुठीत दाबून धरलात तर पायाचे काटे टोचतील, एवढंच.

हे जोडलेले हात म्हणजे खरं तर सापळा आहे. पायाच्या आतल्या बाजूला करवतीसारखे काटे असतात. अळी, माशी, नाकतोडा टप्प्यात आला की पापणी लवायच्या आत पाय पुढं जातो आणि काट्यात भक्ष्य अडकतं. मग तो ते जिवंतच कुरतडून खातो. पाला खात नाही, शेंग खात नाही, दाणा खात नाही. पिकावर बसलेला दिसला तरी पिकाला त्याचा काही त्रास नसतो.

फवारणीचे दिवस आले की बायका विचारतात, हा किडा ठेवायचा की मारायचा? उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट बघावी लागते. ‘हा’ म्हणजे कोणता? कारण हात जोडणारा किडा एकच नसतो. जगात त्याच्या सुमारे २,४०० जाती माहीत आहेत. भारतापुरतं बोलायचं तर मुखर्जी, हाजरा आणि घोष या तीन अभ्यासकांनी १९९५ साली १६२ जातींची यादी छापली, आणि त्यानंतरही नव्या जातींची भर पडत राहिली. आपण मात्र फक्त हिरवा आणि मोठा तेवढा ओळखतो. बाकीचे समोर असून दिसत नाहीत, कारण न दिसणं हेच त्यांचं जगण्याचं साधन आहे.

तेव्हा कुठं बघायचं ते सांगते.

झाडाच्या हिरव्या पाल्यात बघा. आंबा, सीताफळ, बोर, किंवा कुंपणाची झुडपं. तिथं तो मोठा हिरवा असतो, ज्याला अभ्यासक हायरोड्युला म्हणतात. मादी चांगली जाडजूड, पोट भरलेलं. याच्या पंखावर दोन्ही बाजूंना एकेक पांढुरका ठिपका असतो. आपण ज्याला ‘तो किडा’ म्हणतो तो बहुतेक वेळा हाच.

आता झाडाच्या खोडाकडं या. सालीच्या रंगाचा, करडा, चपटा, जेमतेम पेराएवढा किडा खोडाला चिकटून असतो आणि सरसर धावतो. तुम्ही डावीकडून बघितलं की तो उजवीकडं जातो, खारीसारखा. याचं नाव हुंबर्टिएला. हा दबा धरून बसण्यापेक्षा धावून मुंग्या आणि बारीक किडे पकडतो. खोडावर तळहात ठेवून शांत उभं राहिलात तरच दिसेल.

फुलांवर एक नाजूक जात असते, क्रिओब्रोटर. हिरवी-पांढरी, आणि मोठ्या झालेल्या किड्याच्या पंखावर डोळ्यासारखी गोल खूण. पिल्लू असताना पोट वर वळवून बसतं, चुरगळलेल्या पाकळीसारखं. झेंडूवर, तुळशीच्या मंजिरीवर येणाऱ्या माश्या हे त्याचं जेवण. या कुटुंबातल्या काहींची नुकती निघालेली पिल्लं काळी असतात आणि मुंग्यांसारखी चालतात. मुंगीच्या वाटेला सहसा कुणी जात नाही, मुंगी चावते. त्या धाकाचा आसरा ही पिल्लं घेतात.

गवतात सगळ्यात गंमत आहे. पावसाळ्यानंतर उंच वाळलेल्या गवतात काडीएवढा बारीक, लांबलचक किडा असतो. डोळे गोल नसतात, पुढं टोक काढलेले असतात. गवत कापताना विळ्याखाली येतो तेव्हा काडी चालायला लागली असं वाटतं. याचं शास्त्रीय नाव स्किझोसेफाला. जमिनीलगतच्या गवतात, पाचोळ्यात आणखी एक मातकट तपकिरी, सडपातळ जात राहते, स्टॅटिलिया. दक्षिणेकडं सारंगीच्या आकाराचा एक प्रकारही आहे, लांब मान आणि पायांना वाळक्या पानासारख्या झालरी. त्याचं चित्र बघितलं तर कुणीतरी पानं चिकटवून बनवलाय असंच म्हणाल.

दिसणं आणि नातं

आता इतके प्रकार झाले तर त्यांची मांडणी कशी करायची? कोण कुणाचा भाऊबंद? इथं मोठमोठे विद्वान फसले आहेत, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

१७५८ साली स्वीडनच्या लिनियसनं जगातल्या प्राण्यांना नावं देताना या किड्याला नाकतोडे आणि रातकिड्यांच्या घोळक्यात टाकलं. दिसतो तसा, म्हणून. आपणही तेच करतो. पण नाकतोड्याचे मागचे पाय जाड, उडी मारायचे. याचे मागचे पाय बारीक, चालायचे. नाकतोडा पाला खातो, हा नाकतोडा खातो. खरं नातं निघालं भलतीकडंच. या किड्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे झुरळ आणि वाळवी. ऐकून कसंतरी होतं, पण कपाटाच्या कोपऱ्यात झुरळाची अंड्यांची तपकिरी डबी सापडते ती आठवा. हा किडाही अंडी सुटी घालत नाही, एका बांधीव पुडक्यातच घालतो. माहेर एकच, संसार वेगळे.

पुढं बराच काळ हे सगळे किडे एकाच मोठ्या कुळात मोजले जात. १९६४ साली मॅक्स बायर यांनी त्यांची आठ कुळं केली. तेव्हाही मुख्य आधार दिसण्याचाच होता. चपटा आणि सालीवर राहणारा असला की एका कुळात, काडीसारखा असला की दुसऱ्या. पण एकाच रंगाचं लुगडं नेसलेल्या दोन बाया सख्ख्या बहिणी असतीलच असं नाही. जत्रेत तर अजिबात नाही. खोडावर राहायचं तर अंग चपटंच लागतं, मग तो सातपुड्यातला किडा असो की दक्षिण अमेरिकेतला. काम एक म्हणून रूप एक झालं, रक्त मात्र वेगळं राहिलं.

हे लक्षात आलं ते शरीराच्या आतल्या रचना बारकाईनं तपासल्यावर, विशेषतः नराचे जननावयव, आणि जोडीला डीएनए. २०१९ साली ख्रिश्चन श्वार्झ आणि रॉजर रॉय यांनी सगळी मांडणी नव्यानं केली आणि कुळं झाली २९. त्यात आपला खोडावरचा हुंबर्टिएला एका कुळात आहे आणि अमेरिकेतले खोडावरचे चपटे दुसऱ्याच कुळात, जे एकेकाळी एकत्र मोजले जायचे. फुलावरच्यांचं कूळ वेगळं, सारंगीवाल्याचं वेगळं, मोठ्या हिरव्याचं वेगळं. लग्न जुळवताना आपल्याकडं कूळ विचारतात, कपडे विचारत नाहीत. शास्त्रज्ञांना तिथवर यायला अडीचशे वर्षं लागली.

याउलट, हात जोडलेले दिसले म्हणून प्रत्येक जण या गणातला नसतो. ओढ्याच्या थांबलेल्या पाण्यात पाणविंचू असतो, त्याचेही पुढचे पाय असेच, पण तो ढेकणाच्या गणातला. पावसाळ्यात दिव्याजवळ कधी कधी जाळीदार पारदर्शक पंखांचा, लहानसा, हुबेहूब असेच पाय असलेला किडा येतो. तोही परकाच. आणि काडीकिडा, जो खरोखर काडीसारखा दिसतो, तो पाला खातो. त्याला शिकारीचे पाय नसतात. पुढच्या पायांना काटे आहेत का आणि डोकं वळतं का, या दोन गोष्टी आधी बघा.

रात्री सौर दिव्याभोवती येतात ते बहुतेक नर. ते बारीक आणि हलके, त्यांच्या मिशा लांब. मादी जड असते, फार उडत नाही. रात्री उडणाऱ्याला वटवाघळाची भीती. त्यासाठी या किड्यांपैकी अनेकांना एक कान असतो, एकच, आणि तो छातीखाली, पायांच्या मधे. वटवाघळाचा आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज त्या कानाला कळतो, आणि किडा हवेतच गोता मारतो. हा कान अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांना १९८६ साली सापडला. तोपर्यंत हे किडे बहिरे समजले जात.

मादी नराला खाते, हेही तुम्ही ऐकलं असेल. खाते, पण दर वेळी नाही. मादी उपाशी असली तर धोका जास्त. पिंजऱ्यात कोंडलेल्या जोड्यांमध्ये हे जास्त दिसलं आणि तीच गोष्ट जगभर पसरली. शेतात बरेच नर सुटून जातात. (यावर बैठकीत कोण काय बोलेल ते मी इथं लिहीत नाही.)

घर ओळखा

हे सगळं माहीत असण्याचा खरा उपयोग फवारणीच्या वेळी आणि फांद्या तोडताना होतो.

आधी स्पष्ट सांगते, हा किडा म्हणजे पिकाचा रामबाण रक्षक नाही. तसं छापलेलं कुठं वाचलंत तर पूर्ण विश्वास ठेवू नका. तो अळी खातो तशी मधमाशीही खातो, फुलपाखरू खातो, स्वतःच्या भावंडालाही खातो. मावा संपवायचं काम लाल ठिपक्यांच्या ढालकिड्याला जास्त चांगलं जमतं. पण हिशोब असा आहे. मावा आठ-दहा दिवसांत पिढी उभी करतो. या किड्याला अंड्यातून मोठं व्हायला महिने लागतात, आठ-नऊ वेळा कात टाकावी लागते, पंख तर शेवटच्या कातीनंतर येतात. तुम्ही जहाल औषध सगळ्या शेतावर मारलंत की दोघंही मरतात. मावा पंधरवड्यात परत येतो. शिकारी त्या हंगामात परत येत नाही. मग दुसरी बाटली, तिसरी बाटली. ती बाटली कितीदा गटाच्या अंतर्गत कर्जातून येते हे तुम्हाला मी सांगायला नको.

मक्यावरची लष्करी अळी २०१८ साली भारतात पहिल्यांदा दिसली आणि तेव्हापासून मक्यावरही औषध मारणं वाढलं. तिथंही सरसकट पाऊस पाडण्यापेक्षा ज्या झाडाच्या पोंग्यात अळीची ताजी विष्ठा दिसते त्याच पोंग्यात औषध घाला. निंबोळी अर्क मुख्यतः पाला कुरतडणाऱ्यांना बाधतो, कारण तो पोटात जावा लागतो. शिकारी किड्यांवर त्याचा मार कमी. म्हणून पहिली पाळी त्याची. दशपर्णी अर्क घरचा आहे म्हणून कितीही मारावा असं नाही, तोही गरज असेल तिथंच.

दुसरी गोष्ट अंड्यांच्या पुडक्याची. पाऊस सरल्यावर, अस्तंब्याच्या यात्रेच्या सुमारास, माद्या भरलेल्या असतात. मादी पोटातून फेस काढते, त्या फेसात ओळीनं अंडी घालते, आणि फेस वाळून कडक होतो. मोठ्या हिरवीचं पुडकं सुपारीएवढं, फिक्या तपकिरी रंगाचं, फांदीला घट्ट चिकटलेलं. लहान जातींची पुडकी लांबट आणि बारीक, कधी सालीच्या फटीत. एका मोठ्या पुडक्यात शंभराच्या वर अंडी असू शकतात. कुंपण साफ करताना, बांध जाळताना, आमचुरासाठी कैऱ्या उतरवताना मोडलेल्या फांद्या चुलीत घालताना ही पुडकी जातात. ती कुणी मुद्दाम जाळत नाही. मातीचा गोळा किंवा कुंभारमाशीचं घर समजून कुणी बघतच नाही.

पुडकं हातात आलं तर मधल्या रेषेकडं बघा. तिथून बारीक पापुद्रे लोंबत असतील तर पिल्लं निघून गेली, ते रिकामं आहे. बाजूला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असतील तर बारीक गांधीलमाशीनं आत अंडी घातली होती आणि तिचीच पिल्लं बाहेर पडली. दोन्ही नसेल तर पुडकं भरलेलं असू शकतं. फांदीचा तेवढा तुकडा काडीसकट कापा आणि परसबागेत वालाच्या मांडवाला किंवा शेवग्याच्या फांदीला सुतळीनं बांधा, कंबरेच्या उंचीवर, सावलीत. जमिनीवर ठेवू नका, मुंग्या फस्त करतात. घरात डबीतही ठेवू नका. पिल्लं सगळी एकदम निघतात, भाताच्या लोंबीसारखी खाली लोंबतात, आणि खायला काही मिळालं नाही की दोन दिवसांत एकमेकांना खायला सुरुवात करतात.