रोलरचा गुळगुळीतपणा मोजणारे हातातले यंत्र



वार्षिक सभेत जमाखर्चावर बोलताना एका सभासदांनी विचारले होते की, वर्कशॉपसाठी 'खरबरीतपणा मोजायचे यंत्र' म्हणून जी रक्कम दाखवली आहे, ती वस्तू नेमकी काय, आणि उसाचा न् तिचा संबंध काय? सभेत वेळ कमी पडला. प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मी शेतीखात्याचा माणूस, लेथवरचा नव्हे. पण चीफ इंजिनिअर साहेबांकडून समजून घेतले, दुरुस्तीच्या काळात उभे राहून पाहिले, आणि गोष्ट आपल्या नांगरटीसारखीच निघाली.

आधी ही वस्तू कुठे लागते ते पाहू. मिलच्या रोलरचे दोन भाग असतात. बाहेरचे बिडाचे कवच, त्याला शेल म्हणतात, आणि आतला पोलादी शाफ्ट. शेलवर खाचा पाडलेल्या असतात आणि हंगामात त्यावर वेल्डिंगचे दाणे मारून तो मुद्दाम खरबरीत ठेवतात. तसे केले नाही तर ऊस रोलरवरून घसरतो, मिल ऊस ओढत नाही. शाफ्टची दोन्ही टोके मात्र बेअरिंगमध्ये फिरतात. त्या भागाला जर्नल म्हणतात आणि तो गुळगुळीतच पाहिजे. म्हणजे एकाच रोलरला मधे खरबरीत नि टोकाला गुळगुळीत, अशी दोन्ही गरज आहे. हे यंत्र आहे ते टोकासाठी. शेलवर ते लावायचे नसते. तिथल्या खाचा मिलिमीटरमध्ये मोजायच्या आणि या यंत्राची झेप जेमतेम काही शे मायक्रॉनची.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा.

मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरेच घेतो, पण त्याच्यावर दाब मात्र शेकडो टनांचा. वेगात फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून घेतो आणि तेलावर तरंगतो. हळू फिरणाऱ्याला ते जमत नाही. जर्नल आणि ब्रास यांच्यामध्ये तेलाचा थर अगदी पातळ राहतो. जर्नलवरचे बारीक उंचवटे त्या थरापेक्षा उंच असले तर ते तेलातून वर निघून थेट ब्रासला घासतात. ब्रास खरवडला जातो, बेअरिंग तापते, पाणी मारून मारून चालवावे लागते, आणि शेवटी मिल थांबते.

मिल थांबली म्हणजे काय होते ते मी सांगायला नको. गव्हाणीत ऊस, अड्ड्यावर गाड्या उभ्या, आणि फडात तोडणी झालेल्या मोळ्या. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असे आम्ही प्रत्येक गटसभेत सांगतो. पुढे प्रत्येक दिवसाला उसाचे वजन घटते, साखर फुटून तिची बिनस्फटिकी साखर होते, शिवाय कापलेल्या तोंडातून शिरलेले जंतू चिकट द्रव्य तयार करतात, ते पुढे पॅनवर त्रास देते. वजन घटले ते ज्याचा ऊस त्याचे गेले. उतारा घटला तो सगळ्यांचाच, कारण एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे. तेव्हा जर्नलवरच्या एक-दोन मायक्रॉनचा हिशेब तुमच्या बिलापर्यंत येतो तो असा.

आता यंत्र. हाताच्या पंजात मावते, बॅटरीवर चालते. त्याला एक बारीक सुई असते, टोकाला हिरा. त्या टोकाची गोलाई २ किंवा ५ मायक्रॉन. सुई पृष्ठभागावर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी भाराने टेकते आणि यंत्रातली छोटी मोटर तिला सावकाश ओढत नेते. सुई जशी वर-खाली होते तसा विजेचा संकेत बदलतो आणि पडद्यावर आकडा येतो. हे शास्त्र काही नवे नाही. इंग्लंडात लीस्टर येथे टेलर हॉब्सन कारखान्यात रिचर्ड रीझन यांनी १९४१ साली 'टॅलिसर्फ' नावाचे असे यंत्र तयार केले. ते टेबलावर ठेवायचे होते. आता तेच काम जागेवर नेऊन करता येते, आणि आपल्याला याचेच महत्त्व. कित्येक टनांचा रोलर प्रयोगशाळेत नेणार कसा?

पडद्यावरच्या आकड्याला 'आरए' म्हणतात. नांगरट केलेल्या रानात उभे राहा. कुठे ढेकूळ, कुठे तास. मधोमध एक दोरी अशी धरा की वरची माती आणि खालचे खड्डे सारखे भरतील. त्या दोरीपासून प्रत्येक जागा किती वर किंवा किती खाली, त्या सगळ्या अंतरांची सरासरी म्हणजे आरए. लेथवर टर्निंग करून सोडलेल्या पृष्ठभागाचा आरए बहुधा १.६ ते ६.३ मायक्रॉन निघतो, ग्राइंडिंग केले की ०.८ च्या खाली येतो. बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या जर्नलला साधारण ०.८ किंवा त्याहून कमी मागतात. नक्की आकडा ड्रॉइंगवर लिहिलेला असतो, तोच धरायचा.

दुसरी एक गोष्ट. रानाला उतार असतोच, पण उतार म्हणजे ढेकूळ नव्हे. यंत्रालाही हा फरक सांगावा लागतो. 'कट-ऑफ' ०.८ मिलिमीटर ठेवला तर त्यापेक्षा लांब चढ-उतार ते सोडून देते. असे पाच तुकडे, म्हणजे ४ मिलिमीटर मोजून सरासरी देते. कट-ऑफ चुकीचा लावला तर आकडाही चुकीचा, आणि दिसायला मात्र दशांशासकट बरोबर.

सर्वांत मोठी फसगत होते ती सुईच्या दिशेत. नांगरलेल्या रानातून गाडी तासाच्या अंगाने न्या, फारसे हादरे बसत नाहीत. तीच आडवी न्या, मणके खिळखिळे होतात. जर्नलवर लेथच्या हत्याराचे ओरखडे गोलाकार पडलेले असतात. म्हणून सुई शाफ्टच्या लांबीने चालवायची, ओरखड्यांना आडवी. गोलाईने चालवली तर वाईट जर्नलही चांगले दिसेल. बाहेरच्या वर्कशॉपमधून काम करून आणताना आपल्या माणसाने हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, नुसता कागद घेऊन येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजण्याआधी तेल, धूळ पुसून काढावी. यंत्रासोबत आरए लिहिलेली एक नमुना चकती मिळते, तिच्यावर आधी तपासून घ्यावे. शेजारी हातोडा चालू असेल तर थांबावे, कारण सुईला हादराही खड्डाच वाटतो. आणि एका जागी मोजून भागत नाही. दोन्ही जर्नलवर, फिरवून फिरवून निदान चार जागी घ्यावे.

पूर्वी हे काम अंगठ्याच्या नखावर चाले. आजही जुना फिटर नख फिरवून जे सांगतो ते बहुतेक वेळा खरे असते, त्यांचा अनादर नाही. पण ०.८ आणि १.६ यांतला फरक नखाला खात्रीने कळत नाही. आणि मुख्य म्हणजे नखाचे बिल अडवता येत नाही! ठेकेदार म्हणतो 'चांगलंय', आपला माणूस म्हणतो 'नाही', वाद मिटत नाही आणि रोलर तसाच बसतो. आकडा असला की काम परत करता येते. लाखाच्या घरातली वस्तू घेण्याचे कारण हेच.

तरी यंत्राला देव मानू नये. आरए ही सरासरी आहे. सगळे जर्नल आरशासारखे आणि एकच खोल ओरखडा असेल तर सरासरी चांगलीच येईल. त्यासाठी शेजारचा 'आरझेड' आकडा बघायचा; तो प्रत्येक तुकड्यातले सर्वांत उंच टोक ते सर्वांत खोल तळ यांतले अंतर धरतो. जर्नल लंबगोल झाले असेल तर तेही या यंत्राला कळत नाही, तिथे मायक्रोमीटरच पाहिजे. आणि शाफ्टला आतून चीर असेल तर ती अल्ट्रासॉनिक तपासणीनेच सापडते.

यंदा प्रत्येक रोलरचे आकडे, मोजल्याची तारीख आणि मोजणाऱ्याची सही वर्कशॉपच्या नोंदवहीत राहणार आहे. ज्या सभासदांना मोजणी प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी हंगाम संपल्यावर आपल्या गट ऑफिसात नाव द्यावे. रोलर उघडे असतानाच ते दाखवता येईल. मिल जोडली की जर्नल दिसत नाही.

— ऊस विकास अधिकारी