विश्लेषण : मेटल डिटेक्टरचा छंद, पहिले यंत्र कधी बदलावे आणि जास्तीचे पैसे कशासाठी मोजावेत?

मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट गाजत असताना मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोक रात्री शेते खणत असल्याच्या चित्रफिती व्हायरल झाल्या. हातात विजेऱ्या, काहींकडे मेटल डिटेक्टर आणि मनात मुघलांच्या सोन्याची आशा. अखेर प्रशासनाला लक्ष घालावे लागले. त्या खोदकामाला छंद म्हणता येणार नाही. पण मेटल डिटेक्टरने जमिनीत हरवलेल्या वस्तू शोधणे हा ब्रिटनसह अनेक देशांत रीतसर जोपासला जाणारा छंद आहे. आपल्याकडेही ऑनलाइन दुकानांत काही हजार रुपयांपासून अशी यंत्रे मिळतात. यंत्र घेऊन दोन-चार महिने झाले की नवख्याची तक्रार ठरलेली असते : यंत्र सारखे वाजते, निघतात मात्र खिळे आणि बाटल्यांची बुचे. मग पुढचा प्रश्न येतो, आता भारीतले यंत्र घ्यावे का?

यंत्राला धातू ‘कळतो’ कसा?

बारावीत शिकलेला फॅरडेचा नियम इथे उपयोगी पडतो. दांड्याच्या टोकाला असलेल्या तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. यालाच कॉइल म्हणतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडला की त्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते जमिनीतल्या धातूपर्यंत पोहोचले की त्या वस्तूत भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचेही स्वतःचे क्षेत्र तयार होते आणि ते दुसरे वेटोळे टिपते. परत आलेला संकेत मूळ संकेताच्या किती मागे पडला, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि स्क्रीनवर एक आकडा दाखवते. हा आकडा म्हणजे ‘टार्गेट आयडी’. सर्वसाधारणपणे लोखंडाचा आकडा सर्वांत कमी आणि चांदी-तांब्याचा सर्वांत जास्त असतो.

ही कल्पना जुनी आहे. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये अशाच यंत्राने अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राला गोंधळात टाकले, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. आजच्या नवख्याची अडचणही बरीचशी तीच आहे : हवा असलेला धातू आणि आजूबाजूचा नको असलेला धातू वेगळा कसा काढायचा?

महाग यंत्र दुप्पट खोल बघते का?

नाही. सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. कॉइलपासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. वस्तूकडून परत येणारा संकेतही तसाच क्षीण होत येतो. म्हणजे खोली दुप्पट झाली की हाती येणारा संकेत साधारण ६४ पट कमकुवत होतो. त्यामुळे केवळ ताकद वाढवून फारसे काही साधत नाही. नाण्याएवढी वस्तू बहुतेक चांगल्या छंदोपयोगी यंत्रांना साधारण २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत सापडते. मोठा हंडा किंवा पत्रा त्याहून खोलही जाणवतो. पण ‘अंगठी दहा फुटांवरून दाखवतो’ अशी जाहिरात दिसली तर ते पान तिथेच बंद करावे.

यंत्राच्या किमतीपेक्षा जागा आणि चिकाटी किती महत्त्वाची, याचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमधील एका नांगरलेल्या शेतात टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचा मोठा साठा सापडला. सुमारे ४ किलो सोने असलेल्या या साठ्याचे मूल्य ३२ लाख ८५ हजार पौंड ठरले. हर्बर्ट यांच्या हातातले यंत्र तेव्हा १४ वर्षे जुने होते.

मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

खोलीपेक्षा गोंगाटातून नेमका संकेत वेगळा काढण्याचे. त्यात चार गोष्टी येतात.

पहिली, फ्रिक्वेन्सी. स्वस्त यंत्रे बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. उदाहरणार्थ, नवख्यांमध्ये वर्षानुवर्षे लोकप्रिय असलेले गॅरेटचे ‘एस २५०’ ६.५ किलोहर्ट्झवर चालते, तर नोक्ताचे ‘सिम्प्लेक्स प्लस’ १२ वर. कमी फ्रिक्वेन्सी चांदी-तांब्याच्या जाड वस्तूंना मानवते, जास्त फ्रिक्वेन्सी बारीक आणि पातळ दागिन्यांना. मिनलॅबच्या २०१८ मधील ‘इक्विनॉक्स’सारखी यंत्रे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतात आणि उत्तरांची तुलना करून मीठ व मातीचा परिणाम बराचसा वजा करतात.

दुसरी, जमिनीचा समतोल म्हणजे ‘ग्राउंड बॅलन्स’. मातीतले लोहखनिजही संकेत देते. तो ओळखून बाजूला सारावा लागतो. प्राथमिक यंत्रांत हा समतोल अनेकदा कारखान्यातूनच ठरवून दिलेला असतो. वरच्या श्रेणीत तो त्या-त्या जागेनुसार जुळवता येतो.

तिसरी, सावरण्याचा वेग. खिळ्याशेजारी अंगठी पडली असेल तर खिळ्याचा आवाज संपवून अंगठीचा आवाज देण्याइतके यंत्र चपळ हवे.

चौथी, पाणी. अनेक यंत्रांची फक्त कॉइल जलरोधक असते, वरचा डबा नसतो. किनाऱ्यावर एक लाट पुरते.

कोकणची वाळू आणि देशावरची माती वेगळी का वागते?

परदेशी व्हिडीओ पाहून खरेदी करणारे इथे फसतात. इंग्लंडच्या सौम्य मातीत जे यंत्र शांत असते, ते आपल्याकडे किरकिर करू शकते. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्ट खडकावर वसला आहे आणि या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. कोकणातला जांभा लोहाच्या ऑक्साइडने भरलेला असतो. भाजलेली वीट आणि कौलाचे तुकडेही कधी कधी धातूसारखे वाजतात. अशा जमिनीत ठरावीक समतोलाचे यंत्र नवख्याला वेड लावते.

किनाऱ्यावर दुहेरी संकट असते. खारे पाणी स्वतः विजेचे वाहक आहे. त्यामुळे ओल्या वाळूवर एका फ्रिक्वेन्सीचे यंत्र उगाच वाजत राहते. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या काही किनाऱ्यांवर इल्मेनाइटयुक्त काळी वाळू आहे. म्हणून तुमचे फिरणे प्रामुख्याने ओल्या वाळूतले असेल, तर बहु-फ्रिक्वेन्सीचे जलरोधक यंत्र घेण्यास सबळ कारण आहे. ‘पल्स इंडक्शन’ या वेगळ्या तंत्राची यंत्रे अशा जमिनीत अधिक खोल जातात, पण त्यांना लोखंड आणि सोने यांत फारसा भेद करता येत नाही. प्रत्येक खिळा खणण्याची तयारी ठेवावी लागते.

स्क्रीनवरच्या आकड्यावर किती विसंबावे?

मर्यादेत. सोन्याची अंगठी, चॉकलेटची चांदी आणि शीतपेयाच्या डब्याचे कान हे तिन्ही अनेकदा एकाच पट्ट्यात येतात. कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केला, तर सोनेही बंद होते. आपले चलन आणखी एक गंमत करते. गेल्या काही दशकांतली एक रुपयाची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. त्यामुळे त्यांचा आकडा बेभरवशाचा येतो आणि ‘लोखंड वगळा’ हा पर्याय निवडला तर ती सुटूही शकतात.

साखळीचेही तसेच. यंत्राला अख्खी साखळी दिसत नाही, सुटी-सुटी बारीक कडी दिसतात. शेतात पडलेल्या मंगळसूत्राच्या वाट्या सापडण्याची शक्यता नाजूक साखळीपेक्षा जास्त असते. काळे मणी तर धातूच नव्हेत. हे भौतिकशास्त्र महागड्या यंत्रालाही पूर्णपणे चुकवता येत नाही.

बदलण्याआधी काय करून पाहावे?

घरच्या अंगणात चाचणीची जागा करा. आधी ती धातूमुक्त करून घ्या. मग नाणे, तांब्याचा तुकडा, जुनी अंगठी आणि खिळा १०, १५ व २० सेंटिमीटरवर पुरा आणि प्रत्येकाचा आवाज कानात बसवा. कॉइल जमिनीला समांतर आणि शक्य तितकी जवळ ठेवा. पुढचा झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढला पाहिजे. यंत्र फार बडबडत असेल तर संवेदनशीलता वाढवू नका, कमी करा. अनेकदा त्यानेच खोली सुधारते, कारण गोंगाट कमी झाला की क्षीण संकेत ऐकू येतो.

त्यानंतर छोटा खर्च करा. खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला ‘पिनपॉइंटर’ आणि बरा हेडफोन घ्या. कचऱ्याची जागा असेल तर आहे त्याच यंत्राला लहान कॉइल लावा. ती दोन वस्तूंना वेगळे ओळखते. मोठी कॉइल मोठ्या वस्तूंसाठी खोल जाते खरी, पण मातीचा त्रासही जास्त ओढून घेते.

एवढे करूनही अडत असेल, तर अडचण एका वाक्यात लिहून पाहा. ‘ओल्या वाळूत यंत्र शांत राहत नाही’ किंवा ‘जांभ्याच्या जमिनीत समतोल साधता येत नाही’ असे नेमके वाक्य लिहिता आले, तर यंत्र बदलण्याची वेळ झाली आहे. मग तेवढीच अडचण सोडवणारे यंत्र निवडावे. ‘अजून काही सापडले नाही’ हे मात्र यंत्र बदलण्याचे कारण होत नाही. ते बहुधा जागा बदलण्याचे कारण असते.

‘दूरवरचे सोने दाखवणारी’ यंत्रे खरी असतात का?

हातात दांडी धरायची आणि ती शेकडो मीटरवरच्या सोन्याकडे वळते, अशा यंत्रांना कोणताही शास्त्रीय आधार नाही. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स मॅककॉर्मिक याला दहा वर्षांची शिक्षा झाली. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून बनवलेली अशीच दांडी त्याने इराकला बॉम्बशोधक म्हणून विकली होती. आपल्याकडे अशी दांडी ‘गुप्तधन’ या शब्दाला जोडून येते. गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

सापडलेली वस्तू कोणाची?

यंत्रावर हजारो रुपये घालण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा. १८७८ चा भारतीय गुप्तनिधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली, तर शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. माहिती दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कळवणाऱ्याला मात्र कायदा मोकळ्या हाताने पाठवत नाही. निधी बेवारस ठरला आणि आधीचा काही करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश व जागामालकाला एक चतुर्थांश वाटा मिळण्याची तरतूद आहे. सरकारने निधी ताब्यात घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक द्यावे लागतात.

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. नांगरटीत आलेली शिवराई परदेशी ग्राहकाला पाठवणे म्हणजे थेट गुन्हा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर हा प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर हा नियंत्रित पट्टा आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्याचा वेगळा कायदा आहे. थोडक्यात, गडावर यंत्र घेऊन जायचेच नाही. किनाऱ्यावर कालच हरवलेली अंगठी सापडली, तर मालकाचा शोध घ्यावा किंवा ती पोलिसांकडे द्यावी. परक्याची वस्तू अप्रामाणिकपणे ठेवून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये बसते. आणि कोणाच्याही शेतात शिरण्याआधी मालकाची परवानगी हवी, शक्यतो लेखी.

मग नवख्याने करायचे काय? हरवलेल्या वस्तू शोधून देणे हा या छंदाचा सर्वांत निर्धोक आणि समाधानाचा भाग आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात एरिक लॉज असेच एका शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला गेले होते. सापडला तो रोमन काळातला साठा. त्यात सुमारे १५ हजार नाणी होती. लॉज यांनी सगळे उकरून काढले नाही, खोदणे थांबवून कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि लाकडी पेटीत कोणती वस्तू कुठे ठेवली होती हेसुद्धा त्यांना नोंदवता आले. वस्तू जागेवरून हलली की ही माहिती कायमची जाते, मग यंत्र कितीही भारी असो. त्या साठ्यासाठी साडेसतरा लाख पौंड मिळाले आणि लॉज यांनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हरवलेली हातोडीही तिथेच सापडली. ती आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.