सचिनने लोकांना शोधायला सांगितली ती फेरारी नव्हती, मारुती ८०० होती. विकलेली गाडी मनातून का जात नाही?

पुणे-नाशिक हायवेने मंचर मागे टाकलं की नारायणगावच्या आधी कळंब लागतं. आंबेगाव तालुक्यातलं, हायवेला चिकटलेलं गाव. इथे गाडी विकण्यात एक अडचण आहे, जी शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. पुण्यात गाडी विकली की ती गर्दीत गडप होते. इथे ती नव्या मालकाच्या दारात जाते आणि ते दार मंचर, घोडेगाव नाहीतर जुन्नरला असतं. मग बाजाराच्या दिवशी तीच गाडी, तोच एमएच-१४ चा नंबर समोरून येतो. मागच्या काचेवरचं पोराचं नाव खरवडलेलं असतं, पण पुरतं गेलेलं नसतं.

"ती बघ, आपली गाडी!" घरातलं कुणीतरी बोलून जातं. विकून सहा वर्षं झाली तरी 'आपली'च.

हा आजार फक्त गावाकडचा आहे असं समजू नका. सचिन तेंडुलकरही त्यातून सुटलेला नाही.

झालं असं की, २०२० मध्ये टेबल टेनिसपटू मुदित दाणीच्या कार्यक्रमात सचिन गाड्यांविषयी बोलत होता. आपली पहिली गाडी मारुती ८०० होती, ती आता आपल्याकडे नाही, ती परत मिळाली तर फार आवडेल आणि कुणाला तिच्याबद्दल माहिती असेल तर संपर्क साधा, असं त्याने सांगून टाकलं. त्याच गप्पांत लहानपणचा किस्साही आला. घराजवळ ड्राइव्ह-इन थिएटर होतं. लोक गाडीत बसून सिनेमा बघायचे आणि सचिन भावाबरोबर तासन् तास बाल्कनीत उभा राहून त्या गाड्या बघायचा.

आता याच सचिनची दुसरी गाडी आठवा. २००२ मध्ये त्याने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि फियाट कंपनीकडून त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मायकेल शूमाकरच्या हातून. पुढे आयात शुल्क माफीवरून वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी शुल्क फियाटने भरलं. २०११ मध्ये ती फेरारी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. लोकांना साकडं घातलं गेलं ते मात्र ८०० साठी.

का? कारण फेरारी मिळाली तेव्हा सचिन आधीच सचिन होता. ८०० च्या वेळी तो कमवायला लागलेला एक पोरगा होता, ज्याला अखेर बाल्कनीतून खाली उतरून स्वतःच्या गाडीत बसता आलं.

भारतात 'पहिली गाडी' म्हटलं की बहुतेकांसाठी ही ८०० च. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीच्या हरपाल सिंग यांना इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ८०० ची चावी मिळाली. किंमत होती ४७,५०० रुपये. सिंग यांनी ती गाडी २०१० मध्ये निधन होईपर्यंत विकली नाही. नंतर ती बरीच वर्षं रस्त्याकडेला गंजत होती. पुढे तिची डागडुजी झाली आणि ती मारुतीच्या मुख्यालयात जाऊन बसली. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं.

त्याच्या आधीच्या पिढीचा जीव अडकलाय तो फियाटमध्ये. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी फियाट सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. स्टिअरिंगला चिकटलेला गिअर, पुढे सोफ्यासारखी एकसलग सीट, त्यामुळे पुढेही तिघं आरामात. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सोशल मीडियावर ज्यांनी गळे काढले त्यातले कितीतरी जण ॲपवर कॅब बुक करूनच ऑफिसला गेले असणार, पण ते असू द्या.

जुन्नर-आंबेगावकडे हाच मान जीपला. महिंद्राची जीप, आकुर्डीची मॅटाडोर, ट्रॅक्स. या गाड्या फक्त मिरवायला नव्हत्या. सकाळी वडाप, दुपारी नारायणगावला टोमॅटो, आणि रात्री-अपरात्री बाळंतीण घेऊन दवाखाना. नवी गाडी आली की आधी ओझर-लेण्याद्री, मग भीमाशंकर, मग बाकी सगळं.

आणि अशी गाडी विकली जाते ती कंटाळा आला म्हणून क्वचितच. मुलीचं लग्न, बोअरला पाणी लागलं नाही, कांद्याचा भाव पडला, दवाखान्याचं बिल. गाडी ही घरातली अशी वस्तू, जी जमिनीच्या आधी विकता येते. त्यामुळे हळहळ असते तीसुद्धा नुसत्या गाडीची नसते, ती वेळ का आली याची असते. घरात या विषयावर बापमाणूस सहसा गप्प बसतो. नंबर मात्र त्याला तोंडपाठ असतो.

या ओढीवर शास्त्रज्ञांनीही काम केलंय. डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांचा भाव घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाला. मग हातात येऊन थोडाच वेळ झाला होता! याला म्हणतात एंडाउमेंट इफेक्ट. वस्तू 'आपली' झाली की तिची किंमत आपल्या डोक्यात वाढते. एका मगाचं हे होत असेल, तर १५ वर्षं सांभाळलेल्या जीपचं काय होत असेल? एजंटने सांगितलेला भाव अपमान वाटतो तो यामुळेच.

दुसरी गोष्ट वयाची. म्हातारपणी माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त येतात, असं स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलंय. पहिली नोकरी, लग्न, पहिलं मूल आणि पहिली गाडी बहुतेकदा याच काळात येते. त्यात गाडीला वास असतो. तापलेल्या रेक्झिनचा, डिझेलचा, डॅशबोर्डवरच्या उदबत्तीचा. वासाचे संदेश मेंदूतल्या भावना आणि स्मृतीच्या भागांपर्यंत फार थेट पोहोचतात.

मग ठेवायचीच ना गाडी? तेही सोपं नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नूतनीकरण, वर पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राने कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये केलं. दारात उभ्या गाडीसाठी एवढं कोण भरणार?

आता कामाचं. गाडी मनात राहिली तर राहू द्या, पण आरसीवर तुमचं नाव राहता कामा नये. ओळखीत व्यवहार झाला की "करू नंतर ट्रान्सफर" म्हणतात आणि ते नंतर कधी येत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की, गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघातातल्या भरपाईसाठी मालक. म्हणजे समोरून आपली जुनी जीप जाताना बघून डोळे भरून येत असतील, तर आधी ती कायद्यानेही तुमचीच नाही ना हे तपासा. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच असतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

शोध घ्यायचा असेल तर सुरुवात एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून करा. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, पण नोंदणी, फिटनेस, विमा कधीपर्यंतचा, हे कळतं. विमा चालू दिसला तर गाडी कुठेतरी पळतेय असं धरायला हरकत नाही. फार जुन्या नोंदी ऑनलाइन चढलेल्या नसतात. अशा वेळी ज्याला विकली त्याच्यापासून एकेक हात पुढे विचारत जाणं, हाच मार्ग. कळंब-मंचर पट्ट्यात तर गॅरेजवाल्याला विचारलं तरी पुष्कळदा काम होतं.

आणि सापडलीच, तर २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पद्मिनीच्या पहिल्या गाड्या आता त्या वयाच्या झाल्यात. प्रदर्शनाला, रॅलीला न्या. टोमॅटो मात्र भरता यायचे नाहीत, रोजच्या वापराला त्या नियमात परवानगी नाही.